क्लच कोणी सोडला

बायनाबाईची बॅटरीची गाडी तलावात गेली तेव्हा बायनाबाई तिच्यात बसलेली नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर ऐकणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लागतो. ती तेव्हा तलावाच्या बांधावर, म्हणजे पाळेवर, बाभळीखाली खाटेवर बसून मासे तोलत होती. गाडी एकटीच गेली.

गाव खैरटोला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावाहून वैनगंगेकडे निघालं की धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, रस्ता जातो, त्याच्या टोकाला. गावाला एक जुना तलाव आहे, त्याच्यावर धान पिकतो आणि ढिवरांची चाळीस घरं जगतात. बायनाबाई त्या चाळीस घरांच्या मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष. वय छप्पन्न. सहा वर्षांपूर्वी मासळी घेऊन बाजाराला जाताना टेम्पो उलटला, पाठीचा मणका दुखावला आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. हात मात्र जाळं ओढून ओढून असे तयार झालेले, की त्या हातांच्या बळावर ती खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर कुणाच्या मदतीशिवाय सरकायची.

पहिली चार वर्षं ती घरातच होती. साधी चाकाची खुर्ची मिळाली होती, पण ती अंगण ओलांडून पुढे जाईना. सोसायटीची भांडणं लोक तिच्या खाटेपाशी आणायचे. ती निवाडा करायची आणि लोक गेले, की भिंतीकडे तोंड करून पडायची. मग चंद्रपूरला एका संस्थेचं दिव्यांगांसाठी शिबिर झालं, तिथे मोजमाप घेतलं, आणि सात महिन्यांनी टेम्पोतून बॅटरीची गाडी आली. जाड टायर, मागे दोन मोटारी, बसण्याखाली दोन बॅटऱ्या, आणि उजव्या हाताशी एक काळी मूठ, तिच्यापाशी बॅटरी किती उरली ते दाखवणारे पाच दिवे. गाडीबरोबर संस्थेची रिना आली होती. अठ्ठावीस वर्षांची, पाठीवर पान्यांची बॅग. ती त्या मुठीला जॉयस्टिक म्हणायची. गाव तिला खुंटी म्हणू लागलं.

रिनाने दोन दिवस मुक्काम करून शिकवलं.

"मावशी, खाटेवरून गाडीत यायच्या आधी काय करायचं?"

"बटन बंद."

"का?"

"सरकताना कोपर खुंटीले लागलं त गाडी मले सोडून निंघून जाईन."

"उतारावर?"

"सरळ. तिरपी नाई. हळू."

"मागच्या दांड्याला पिशवी अडकवायची का?"

"नाई. वजन मांगं गेलं त पुढचे चाकं आभाळात."

बायनाबाई चौथी शिकलेली, पण एकदा ऐकलेलं विसरत नसे. दुसऱ्या दिवशी दुपारी रिना सावलीच्या बसमध्ये बसली. संध्याकाळपासून गावाला बायनाबाई शिकवू लागली. तिच्या गाडीजवळ कोणी लुगड्याचा पदर लोंबता ठेवून उभं राहिलं, की ती ओरडायची, "पदर आवर, चाकात जाईन!" कोणी बादलीभर पाणी घेऊन गाडी धुवायला आलं, तर त्याला हाकलायची. "फडक्यानं पुसाची असते. म्हैस हाय का धुवाले?" सून मंजुषाला रोज संध्याकाळी चार्जरचा दिवा लाल झाला का, आणि सकाळी हिरवा झाला का, याचं उत्तर द्यावं लागायचं. मुलगा अश्विन घुग्घुसला कोळशाच्या खाणीत कामाला असायचा. त्याला ती फोनवर आधी गाडीचं सांगायची, मग घरचं.

गावातला सगळ्यात मोठा विद्यार्थी मुखरू. साठीचा, एकटा राहणारा, नात्याने लांबचा दीर. तो तिला वयनी म्हणायचा. गाडी येऊन आठ दिवस झाले नाहीत तोच बायनाबाई खाटेवर पडलेली बघून तो गाडीत बसला आणि खुंटी पुढे लोटली. वेग सगळ्यात वरच्या पाचावर ठेवलेला होता. गाडी अंगणातून निघाली, शेजारच्या रुखमाच्या वाडीचं कुंपण तोडून आत गेली आणि वाळत घातलेल्या मिरच्यांवरून फिरून वांग्यांत थांबली. मुखरू सगळा वेळ "थांब! थांब ना वो!" असं गाडीला ओरडत होता.

"अरे भैताडा, खुंटी सोडली की थांबते ते!" बायनाबाई खाटेवरून म्हणाली.

"मी त भेवानं अजून घट्ट धरली जी."

त्या दिवसापासून मुखरूला गाडीत बसायची बंदी होती. त्याने ती मानली, पण गाडीपासून लांब राहणं काही त्याला जमलं नाही. रोज सकाळी सायकलचा पंप घेऊन यायचा, अंगठ्याने चारही टायर दाबून बघायचा, हवा भरायचा, ढिला झालेला नट पान्याने आवळायचा. बायनाबाई त्याला एकदाही चांगलं केलंस म्हणाली नाही. तोही तसं काही ऐकायला थांबत नसे.

आता त्या दिवशीचं. दिवाळी होऊन महिना झाला होता. तलावात जाळं टाकायचा मोठा दिवस होता. आदल्या रात्री गावाची लाईन गेली ती पहाटेच आली, त्यामुळे गाडी अर्धीच चार्ज झाली.

"आई, आज दोनच दिवे दिसून राह्यले," मंजुषा म्हणाली. "दोन तास थांबा ना, होते तेवढी होऊ द्या."

"दोन तासानं मासे उन्हात सडतीन. दोन दिव्यावर जाते मी पाळेवर. गेली नाई का मंगा?"

मागे ती दोन दिव्यांवर सपाट रस्त्याने रुखमाकडे गेली होती. पाळेचा चढ वेगळा. बैलगाड्या चढायच्या त्या वाटेने ती अर्ध्यात आली, आणि उरलेला एकच लाल दिवा लुकलुकायला लागला. मग तोही गेला. गाडी जागच्या जागी थांबली. मागे घसरली नाही, कारण मोटारींचा ब्रेक आपोआप लागतो.

मुखरू खांद्यावर जाळं घेऊन मागून येतच होता.

"बसा वयनी. मी ढकलतो."

"आधी क्लच सोडा लागते."

गाडीच्या मागे, अगदी खाली, दोन्ही मोटारींना एकेक लाल दांडी होती, तोच क्लच. दांडी वर असली की चाक मोटारीला बांधलेलं, गाडी उतारावरही हलणार नाही. खाली केली की चाक मोकळं. मग गाडी ढकलता येते, पण ब्रेक उरत नाही. बसलेल्या माणसाचा हात तिथवर पोचत नाही. मुखरूने वाकून दोन्ही दांड्या खाली केल्या, छाती लावली आणि बायनाबाईला पाळेवर चढवून बाभळीखाली आणलं. मंजुषा काटा घेऊन पुढे पोचलीच होती. बायनाबाई खाटेवर सरकली.

मुखरू घाम पुसत म्हणाला, "लाल दांड्या वरतं करू का जी?"

इथे काय झालं ते नीट ऐका. बायनाबाईच्या मनात आधीच राग होता. गाडी अर्ध्यात बंद पडली होती, सुनेचं म्हणणं खरं निघालं होतं, आणि तलावात डोंग्यांत, म्हणजे लहान होड्यांत, बसलेल्या पंधरा-वीस जणांनी तिला ढकलत आणताना बघितलं होतं. सगळा राग समोर होता त्याच्यावर निघाला.

"हात नोको लावू मशीनले! मिरच्याईतून नेल्ती ते पुरे नाई झालं? जाय, जाळं पाह्य तुवं."

मुखरू गेला.

तासभर काही झालं नाही. मासे येत होते, काटा वर-खाली होत होता. रोहू निघाले, कतला निघाले, कुणाच्या तरी जाळ्यात दोन हात लांब मरळ आली. गाडी खाटेच्या टोकाशी उभी होती. मग सोसायटीतल्या उमाजीची म्हैस पाळेवरून चरत आली आणि रोजच्यासारखी गाडीच्या पाठीला मान घासायला लागली.

गाडी हलली.

म्हैस चमकून बाजूला झाली. पाळेचा माथा तलावाकडे थोडा उतरता आहे. गाडी आधी विचार करत असल्यासारखी सावकाश निघाली, मग तिला वाट कळली. मंजुषाने काटा टाकून धाव घेतली, पण गाडी बेशरमच्या झुडपांतून सरसर खाली गेली आणि तिने पाण्यात उडी घेतली. एक मोठा बुडबुडा आला. तिच्यामागे बांबूच्या काडीवर लाल झेंडी लावलेली होती, गुरांना आणि ट्रॅक्टरवाल्यांना लांबून दिसावी म्हणून. तेवढी झेंडी पाण्यावर राहिली. पाणी स्थिर व्हायच्या आतच एक पाणकावळा आला आणि त्या काडीवर पंख पसरून बसला.

"माही गाडी!" बायनाबाईच्या तोंडून एवढंच निघालं.

सगळ्यांत आधी पाण्यात कोणी उडी मारली असेल, तर मुखरूने. धोतरासकट. त्याच्या मागून उमाजी, मग चार-पाच जण. गाडी चिखलात रुतली होती, वजन ऐंशी किलो. उमाजीने बुडी मारून खालून दोर बांधला, बाकीच्यांनी ती आणखी खोल जाऊ नये म्हणून वरून जाळं टाकलं, आणि डोंग्यावरून, पाळेवरून सगळ्यांनी ओढलं. गाडी वर आली ती जाळ्यात गुंडाळलेली, शेवाळाने हिरवी. बसायच्या गादीवर अर्धा किलोचा रोहू फडफडत होता. पोरंसोरं हसली. मोठेही हसले असते, पण बायनाबाईचं तोंड बघून थांबले.

मंजुषाने तेवढ्यात रिनाला व्हिडिओ फोन लावून गाडी दाखवली.

"चालू करू नका," रिना ओरडली. "चार्जर लावू नका. बटणाला हातच लावू नका. पाणी निथळू द्या आणि सावलीत ठेवा. मी उद्या येते."

"धानात ठेवली त?" रुखमाने मागून विचारलं. "माह्या भावाचा मोबाईल पान्यात पडला त तांदळात ठेवला होता."

"एवढ्या गाडीले अख्खी कोठी लागन," उमाजी म्हणाला. मग कपाळावरचं पाणी पुसून तो गाडीकडे बघत राहिला. "पन मले एक सांगा. माही म्हैस रोज त्या गाडीले खाजवते. दोन वर्साची खाजवून राह्यली. गाडी कधी बोटभर नाई हलली. मंग आज कशी गेली?"

प्रश्न बरोबर होता. बायनाबाईला उत्तर माहीत होतं. गाडी हलली तेव्हाच तिला ते कळलं होतं. तोंडात शब्दही आले होते. पण समोर चाळीस घरांची माणसं उभी होती. दोन वर्षं तिने या माणसांना पदरावरून, पिशवीवरून, बादलीवरून झापलं होतं. तिची नजर त्या गर्दीत फिरली आणि मुखरूवर थांबली. तो धोतर पिळत होता.

"क्लच मुखरूनं सोडला होता," ती म्हणाली.

यात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते वाईट होतं.

मुखरूने मान वर केली. मग ओलं धोतर सावरत, आपलं जाळंही न उचलता तो पाळ उतरून घरी गेला. मागून कोणीतरी म्हणालं, "मिरच्याईनं पोट नाई भरलं त्याचं." तेव्हा लोक हसले.

दुसऱ्या दिवशी रिना पहिल्या बसने आली. तिने अंगणात ताडपत्री पसरून गाडी उघडली. बॅटऱ्या सोडवल्या, डबीएवढ्या कंट्रोलरमधून चमचाभर पाणी काढलं, मोटारी फिरवून ऐकल्या. मग मागे जाऊन बसली आणि बराच वेळ लाल दांड्यांकडे बघत राहिली. दोन्ही खालीच होत्या.

"मावशी, दांड्या कोणी खाली केल्या?"

"मुखरूनं. गाडी बंद पडली त ढकलाले."

"आणि वर करायच्या राहिल्या."

"राह्यल्या," बायनाबाई म्हणाली आणि कोंबड्यांना हाकलू लागली, जरी अंगणात कोंबडी नव्हती.

रिनाने बॅगेतून एक छापील कागद काढला. "गाडी चंद्रपूरला न्यावी लागेल. कंट्रोलर गेला आहे, बॅटऱ्या तपासायच्या आहेत, एका मोटारीत चिखल आहे. तीन आठवडे तरी धरा. हा कागद भरून पाठवा. कसं झालं ते इथे लिहायचं, आणि ज्याच्या हातून दांड्या तशा राहिल्या, त्याची खाली सही."

"सही कायले? बिचाऱ्याले शिक्षा करता का?"

"शिक्षा नाही हो. माझ्याकडे जिल्ह्यात अशा तेवीस गाड्या आहेत. एकीचं काय झालं ते कळलं, की बाकी बावीस जणांना काय सांगायचं ते मला कळतं. म्हणून खरं लिहा. मुखरूकाका कुठे आहेत? हवा तेच भरतात ना रोज? टायर एकदम नीट ठेवलेत."

"असन घरी," बायनाबाई म्हणाली.

गाडी मासळीच्या टेम्पोतून चंद्रपूरला गेली. कागद उशीखाली राहिला.

पहिल्या दिवशी बायनाबाईने ठरवलं, की कागद उद्या भरू. दुसऱ्या दिवशी तिला आठवलं, की मंजुषाचं अक्षर चांगलं आहे, पण मंजुषा कामात आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला जाग आली ती पंपाच्या आवाजासाठी कान लावूनच, आणि मग लक्षात आलं, की हवा भरायला गाडीच नाही, आणि असती तरी मुखरू आला नसता. तो पाळेवरही आला नव्हता. उमाजी सांगून गेला, की मुखरू दिवसभर घराच्या छपरावर चढून कवेलू फेरतो, म्हणजे कौलं काढून पुन्हा नीट लावतो. कवेलू पावसाळ्याआधी फेरतात. थंडीत कोणी फेरत नाही.

दुपारी मंजुषा तिला जेवायला वाढत होती. ताट ठेवून ती उठली नाही.

"आई, मी तठीच होती."

"कुठी?"

"पाळेवर. काट्यापाशी. मुखरूकाकानं तुमाले इचारलं होतं, वरतं करू का म्हनून."

बायनाबाईने भातात हात घातला आणि तो तसाच राहिला. "मंग तीन दिवस बोलली काऊन नाई?"

"तुमी बोलान म्हनून थांबली होती."

बायनाबाईने ताट बाजूला सारलं. चार वर्षं ज्या भिंतीकडे तोंड करून ती पडायची, त्या भिंतीकडे तिने त्या दिवशी पाठ केली आणि म्हणाली, "मासळीचा ठेला रिकामा हाय का?"

"हाय. काऊन?"

"मले मुखरूकडं ने."

मुखरूचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. मंजुषाने ठेल्यावर पोतं अंथरलं, सासूला वर घेतलं, घसरू नये म्हणून तिच्या कमरेभोवती दुपट्टा बांधून तो ठेल्याच्या दांड्याला गाठ मारून आवळला. ठेल्याचं एक चाक सायकलचं आणि एक लुनाचं, त्यामुळे तो सतत डावीकडे वळू बघायचा. मासळीचा वास होताच.

"सरळ घे. तिरपी नोको जाऊ."

"ठेलाच तिरपा हाय, आई."

"मंग हळू घे."

ठेल्याची किणकिण ऐकून बायका टोपल्या घेऊन दारात आल्या. "मासे कोनते आज?" एकीने विचारलं, आणि ठेल्यावर अध्यक्षबाई बघून टोपलं पाठीमागे लपवलं. रुखमा सरळ मागे चालू लागली. तिच्या मागे दोघी, मग उमाजी. मुखरूच्या दारात पोचेपर्यंत वरात झाली होती.

मुखरू छपरावर उकिडवा बसला होता. ठेला बघून त्याने एक कवेलू उचलला, फुंकला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

"मुखरू, खाली उतर," बायनाबाई म्हणाली.

"काम करून राह्यलो."

"थंडीत कोन कवेलू फेरते?"

"मी फेरतो."

"बरं, राह्य वरतंच. मले सांगाचं हाय." तिने घसा खाकरला. मागे माणसं उभी आहेत हे तिला माहीत होतं. आवाज जरा बारीकच निघाला. "त्या दिवशी तू इचारलं होतं. दांड्या वरतं करू का म्हनून. मीच हात नोको लावू म्हनली. चूक माही होती."

छपरावरून उत्तर आलं, "ऐकू नाई आलं जी."

बायनाबाईने श्वास घेतला आणि जरा मोठ्याने सांगितलं.

"वारा हाय वरतं, वयनी. काहीच ऐकू नाई येत."

पान हलत नव्हतं. बायनाबाईने दोन्ही हातांनी ठेल्याची कड धरली आणि चाळीस वर्षं तलावावरून या काठापासून त्या काठाला हाका मारलेल्या गळ्याने ओरडली, "अरे बह्याडा! चूक माही होती! मुखरूनं इचारलं होतं अन् मीच त्याले हाकललं! अन् चारचौघात त्याच्यावर ढकललं! गाडी माह्या तोंडानं पान्यात गेली! आता आलं का ऐकू?"

शेजारच्या गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

मुखरू शिडीवरून सावकाश उतरला. हात धोतराला पुसले. "मले त पह्यल्या खेपेलेच ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "पन उमाजी मांगं उभा होता. त्याले कमी ऐकू येते."

"मले चांगलं ऐकू येते," उमाजी म्हणाला, पण ते कोणी ऐकलं नाही, कारण रुखमा हसायला लागली होती, आणि तिच्या मागोमाग सगळी गल्ली. बायनाबाईला हसायचं नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याच वेळी पोट हलत होतं. शेवटी तिने पदर तोंडाला लावला, त्यात दोन्ही गोष्टी झाकल्या गेल्या.

मुखरूने आतून पाणी आणून दिलं. मंजुषाने उशीखालचा कागद बरोबर आणला होता. ठेल्याच्या फळीवर ठेवून तिने तो लिहिला, बायनाबाई सांगत होती. गाडी बंद पडली, क्लच सोडला, मदत करणाऱ्याने पुन्हा लावू का असं विचारलं, मालकिणीने रागाच्या भरात नको म्हटलं आणि मग स्वतः विसरली. बायनाबाईने वाकडीतिकडी सही केली.

"माही बी घे," मुखरू म्हणाला.

"तुवी कायले?"

"एकदा इचारलं अन् सोडून देल्लं ना. मले बी राग आला होता. म्हनलं, जाऊ दे, वयनीच पाह्यन आपलं. दुसऱ्या खेपेले इचारा लागत होतं." त्याने अंगठ्याला पेनची शाई लावली, कारण त्याला सही येत नव्हती, आणि बायनाबाईच्या सहीशेजारी ठसा उमटवला. तो जरा जास्तच मोठा उमटला.

तीन आठवडे म्हणून गेलेली गाडी पाच आठवड्यांनी परत आली. नवा कंट्रोलर, नव्या बॅटऱ्या, एक मोटार धुऊन-पुसून तीच. रिनाने गाडी उतरवली आणि बायनाबाई बसायच्या आधीच मुखरूला मागे बोलावलं. पुढे दोन तास ती त्यालाच शिकवत होती: तार कुठे ढिली होते, बॅटरीच्या टोकांवर पांढरं साचलं तर काय करायचं, कोणत्या डबीला कधीच हात लावायचा नाही. बायनाबाई खाटेवरून मधे मधे उत्तरं देत होती. रिनाने तिला गप्प बसायला सांगितलं. गावात अध्यक्षबाईला असं सांगणारी रिना पहिलीच, आणि बायनाबाई खरंच गप्प बसली, निदान जेवणापर्यंत.

जेवण झाल्यावर रिना पाळ बघायला गेली. बैलगाडीची वाट तिने पायांनी मोजली आणि मान हलवली. "या चढावर बॅटरी भरलेली असली तरी गाडी एक दिवस मागे पलटेल. दुसरी वाट करा. एक हात उंचीला बारा हात लांबी."

"बारा?" उमाजी म्हणाला. "पाळ चार हात उंच हाय. अठ्ठेचाळीस हाताची वाट?"

"हो."

सोसायटीची बैठक पाळेवरच झाली. वाट कोणत्या बाजूने काढायची यावर बायनाबाई आणि मुखरू यांचं भांडण झालं, ते आठ दिवस चाललं. ती म्हणे बाभळीच्या अंगाने, तो म्हणे देवळाच्या अंगाने, कारण तिथे जमीन टणक आहे. शेवटी मुखरूने बांबू कापून आणला, दोन्हीकडे जमीन खोचून दाखवली, आणि देवळाची बाजू ठरली. चाळीस घरांतून माणसं आली. पाच दिवस मुरूम पडला, दगडाच्या कडा बसल्या, उमाजीच्या म्हशीला तिथून जायची मनाई झाली आणि ती रोज तिथूनच गेली.

माघात एका सकाळी बायनाबाईने पट्टा लावला, पदर मांडीखाली खोचला, दिवे मोजले. पाचही होते. खुंटी पुढे केली आणि सरळ, सावकाश, कुणाच्या हाताशिवाय पाळेवर पोचली. वर पोचून तिने गाडी बंद केली. समोर तलाव पसरला होता, डोंगे निघाले होते, थंडीची वाफ पाण्यावरून सरकत होती. मुखरू काठावर जाळं सोडवत बसला होता.

"कशी काय वाट?" त्याने विचारलं.

बायनाबाईने मागे वळून अठ्ठेचाळीस हातांकडे बघितलं.

"जरा डावीकडं गेली," ती म्हणाली. "पन चालते."